डोक्याच्या दुखापतीनंतरची शस्त्रक्रिया आणि मेंदूची सूज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी आत नेले, की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडते : "मेंदूला खूप सूज आहे." ही सूज म्हणजे नेमके काय आणि टेबलावर तिचे काय करतात, याबद्दल नातेवाईक, परिचारिका आणि भूलशास्त्र शिकणारे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. औषधांच्या मात्रा केवळ प्रक्रिया उमजावी म्हणून दिल्या आहेत. प्रत्यक्ष मात्रा रुग्णाची प्रकृती आणि त्या क्षणी मॉनिटर काय दाखवतो, यांवर ठरते.

सूज शरीराला कुठेही येते. मग मेंदूच्या सुजेचीच एवढी धास्ती का?

घोटा मुरगळला तर तो सुजून टम्म होतो, कारण कातडी ताणली जाते आणि सुजेला जागा मिळते. मेंदूला ती मुभा नाही. प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण १४०० ते १५०० मिलिलिटर जागा असते. त्यातली ८० टक्क्यांहून अधिक मेंदूने व्यापलेली असते आणि उरलेल्या जागेत रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात, हे दोन्ही दाटीवाटीने राहतात. बंद कवटीत एक घटक वाढला तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते, या विचाराचा पाया अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये घातला. आजही शस्त्रक्रियागृहातला जवळजवळ प्रत्येक निर्णय याच हिशेबाने होतो.

सुरुवातीला सीएसएफ पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते आणि दाब फारसा चढत नाही. ही सोय संपली की मात्र एखाद्या चमच्याएवढी वाढही दाब झपाट्याने वर नेते. म्हणूनच तासाभरापूर्वी बोलणारा रुग्ण बघता बघता बेशुद्ध होतो. आडव्या झोपलेल्या प्रौढाच्या कवटीतला दाब सामान्यतः १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो आणि तो २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करावेत, असे सध्याची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

खरा घात दाबाच्या आकड्याने होत नाही, रक्तपुरवठा तुटल्याने होतो. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की मेंदूला रक्त पोचवणारा दाब उरतो, आणि तो ६० ते ७० च्या दरम्यान असावा लागतो. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतला दाब १५ असेल तर ७५ उरतात. कवटीतला दाब ३५ झाला तर ५५ उरतात. त्याच वेळी रक्तस्रावामुळे रक्तदाबही ७० वर घसरला तर उरतात फक्त ३५, आणि एवढ्यावर मेंदू फार काळ तग धरू शकत नाही. या लेखातले बाकीचे सगळे या वजाबाकीभोवतीच फिरते.

सूज म्हणजे नक्की काय वाढलेले असते?

वाढणारी गोष्ट प्रत्येक वेळी एकच नसते, आणि उपचार चुकण्याचे एक मोठे कारण हेच आहे. पेशींच्या आत पाणी साठणे आणि रक्तवाहिन्यांतून पाझरलेले पाणी पेशींच्या बाहेर साठणे, हे दोन प्रकार इगॉर क्लात्झो यांनी १९६७ मध्ये वेगळे करून दाखवले. दुखापत झालेल्या मेंदूत दोन्ही प्रकार सरमिसळ असतात. सूज तासातासाने वाढत जाते आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान शिखरावर पोचते. तिसरा प्रकार पाण्याचा नसून रक्ताचा असतो : मार लागलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आपले आकुंचन टिकवता येत नाही, त्या सैल पडतात आणि रक्ताने फुगतात. चौथी शक्यता म्हणजे सूज नसतेच, नवी रक्ताची गाठ तयार होत असते.

शल्यचिकित्सक "ब्रेन टाइट आहे" असे म्हणतात तेव्हा ते वर्णन असते, निदान नव्हे. टेबलावर पाच-दहा मिनिटांत मेंदू फुगत गेला तर त्यामागे पाणी असण्याची शक्यता कमी. बहुतेक वेळा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात किंवा कुठेतरी ताजा रक्तस्राव चालू असतो. हे लक्षात न घेता मॅनिटॉलच्या, म्हणजे मेंदूतले पाणी ओढणाऱ्या औषधाच्या, बाटलीमागून बाटली लावणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणे होय.

रक्ताची गाठ काढली की सूज आपोआप उतरत नाही का?

गाठ कुठे आहे त्यावर ते अवलंबून आहे. कवटी आणि ड्युरा, म्हणजे मेंदूवरचे जाड आवरण, यांच्यामध्ये गाठ असेल तर खालचा मेंदू पुष्कळदा बऱ्यापैकी शाबूत असतो आणि वेळेत गाठ काढली तर तो पुन्हा आपल्या जागी येतो. अशी गाठ ३० घन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर रुग्ण शुद्धीवर असला तरी ती काढावी, असा संकेत आहे. ड्युराच्या खाली ताजी गाठ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाठ १० मिलिमीटरपेक्षा जाड असणे किंवा मेंदूची मध्यरेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली असणे, हे शस्त्रक्रियेचे निकष आहेत. पण गाठीखालच्या मेंदूलाही बहुधा मार बसलेला असतो. सीटी स्कॅनमध्ये गाठीच्या जाडीपेक्षा मध्यरेषेचे सरकणे अधिक दिसत असेल, तर मेंदू स्वतःच सुजलेला आहे असे समजून त्या तयारीनेच आत जावे लागते.

कवटी उघडण्याआधी भूलतज्ज्ञ सुजेसाठी काय करतात?

बरेच काही, आणि त्यातले पुष्कळसे औषधाविना. डोक्याची बाजू २० ते ३० अंश उंच केली आणि मान सरळ ठेवली की शिरांमधले रक्त सहज खाली उतरते. शल्यचिकित्सकाच्या सोयीसाठी मान फार वळवलेली असेल, कॉलर घट्ट असेल किंवा श्वासनलिकेतली नळी अडकवण्यासाठी मानेभोवती फीत करकचून बांधलेली असेल, तर मानेतली शीर दबते आणि मेंदूतले रक्त बाहेर पडत नाही. म्हणून नळी चिकटपट्टीने गालाला बसवतात. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण एक फीत सैल करताच मेंदू मऊ पडल्याचा अनुभव या कामातल्या पुष्कळांना आहे.

नळी घालताना रुग्ण खोकला किंवा अडखळला तर दाब क्षणात उसळतो, त्यामुळे भूल पुरेशी खोल असावी लागते. आणि त्याच खोल भुलेने रक्तदाब पडता कामा नये. या दोन्हींचा मेळ घालण्यातच या कामाचे कौशल्य आहे. वरचा रक्तदाब ५० ते ६९ वर्षांच्या रुग्णात किमान १००, आणि १५ ते ४९ वर्षांच्या तसेच सत्तरी ओलांडलेल्या रुग्णात किमान ११० राखावा, अशी शिफारस आहे. गंभीर दुखापतीच्या रुग्णात तो एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण जवळपास दुपटीने वाढते, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले होते. त्यामुळे मनगटाच्या धमनीत सुई ठेवून रक्तदाब ठोक्याठोक्याला पाहतात.

सलाईन कोणते, यालाही महत्त्व आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोज देत नाहीत, कारण साखर वापरली गेली की उरलेले निव्वळ पाणी मेंदूत शिरते. नॉर्मल सलाईन चालते. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचे द्रावण, टाळतात; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात डोक्याला दुखापत झालेल्या रुग्णांमध्ये अल्ब्युमिन मिळालेल्यांचे मृत्यू अधिक होते. भुलेचे वायू जास्त प्रमाणात दिले तर मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून मेंदू तंग असेल तर वायू कमी करून प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलेच्या औषधाच्या ड्रिपवर जातात, आणि नायट्रस ऑक्साइड तर मुळातच टाळतात.

व्हेंटिलेटरवर जलद श्वास देऊन सूज कमी करतात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि हा उपाय दुधारी आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्याची पातळी एक मिलिमीटरने उतरली तर मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. कवटीतली जागा मिनिटाभरात मोकळी होते, पण ती मेंदूचे रक्त कमी करून मोकळी केलेली असते. दुखापतीनंतरच्या पहिल्या २४ तासांत मेंदूला आधीच रक्त कमी पडत असते, तेव्हा हा सौदा महागात पडू शकतो.

म्हणून नेहमीसाठी ३५ ते ४० हे लक्ष्य ठेवतात. डोळ्याची बाहुली मोठी झाली किंवा मेंदू डोळ्यांदेखत वर येऊ लागला, तर दुसरा उपाय लागू पडेपर्यंत थोडा वेळ ३० ते ३५ पर्यंत उतरतात. २५ किंवा त्याखाली दीर्घकाळ ठेवू नये, हे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : श्वासातून मोजलेला आकडा धमनीतल्या आकड्यापेक्षा कमी असतो, आणि रक्तदाब पडलेल्या किंवा छातीला मार लागलेल्या रुग्णात ही तफावत बरीच मोठी असू शकते. मॉनिटरवर ३४ दिसत असताना धमनीत ४५ असू शकतात. धमनीतले रक्त तपासल्याशिवाय मॉनिटरच्या आकड्यावर विसंबू नये.

मॅनिटॉल चांगले की हायपरटॉनिक सलाईन?

दोन्ही रक्ताचा गाढेपणा वाढवून मेंदूतले पाणी रक्तात ओढून घेतात. मॅनिटॉलची मात्रा किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम असते. ६० किलोच्या रुग्णाला अर्धा ग्रॅम प्रमाणे ३० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या द्रावणाचे १५० मिलिलिटर. १०-१५ मिनिटांत परिणाम दिसू लागतो. पुढे लघवीचा लोंढा येतो, म्हणून मूत्रमार्गात नळी आधीच घातलेली असावी, आणि गेलेले पाणी भरून काढले नाही तर रक्तदाब पडतो. थंड खोलीत ठेवलेल्या बाटलीत मॅनिटॉलचे खडे बनतात. बाटली उजेडात धरून पाहावी, खडे दिसल्यास ती गरम करून ते विरघळवावेत, आणि गाळणी असलेल्या संचातूनच ते द्यावे.

तीन टक्क्यांच्या, म्हणजे हायपरटॉनिक, सलाईनने लघवीचा तसा पूर येत नाही आणि रक्तदाब टिकून राहतो. त्यामुळे अनेक ठिकाणी मार लागून रक्त गेलेल्या रुग्णात माझा कल त्याकडे असतो. मात्र रक्तातले सोडियम १५५ ते १६० च्या पुढे जाऊ देत नाहीत. जीव वाचवण्यात दोन्हींपैकी एक निर्विवाद सरस आहे, असे सिद्ध झालेले नाही.

स्टिरॉइडने सूज उतरते ना? मग ते का देत नाहीत?

मेंदूतल्या ट्यूमरभोवतीची सूज स्टिरॉइडने उतरते, मार लागल्याची नाही. क्रॅश नावाच्या चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्ण घेतले होते. २००४ मध्ये निकाल आला तेव्हा स्टिरॉइड मिळालेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के रुग्ण दगावले होते आणि न मिळालेल्या गटात १७.९ टक्के. त्यानंतर हा विषय संपला.

कवटी उघडल्यावर मेंदू बाहेर येऊ लागला तर काय करतात?

हाडाचा तुकडा उचलल्यावर खाली ड्युरा दिसते. एरवी ती मऊ असते आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलते. तंग मेंदूवरची ड्युरा निळसर, ढोलकीच्या चामड्यासारखी ताणलेली आणि निश्चल असते. शल्यचिकित्सक तिच्यावर बोटाचे टोक टेकवतात आणि बोलण्याआधीच सगळ्यांना कळते. अशा वेळी ती एकदम मोठी उघडत नाहीत. आधी लहान चीर देतात, तिच्यातून गाठीचा काही भाग बाहेर येऊ देतात आणि मग हळूहळू वाट मोठी करतात. एकदम उघडल्यास मेंदू भोकातून बाहेर उसळतो, कडेच्या हाडावर त्याच्या शिरा दबतात, शिरा दबल्याने तो आणखी फुगतो, आणि हे चक्र आवरणे फार कठीण जाते.

याच क्षणी भूलतज्ज्ञांची कसोटी लागते. कवटीतला दाब चढला की मेंदूला रक्त पोचावे म्हणून शरीर रक्तदाब वाढवते. नाडी मंद होते, श्वास अनियमित होतो. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिक्रियेचा अभ्यास केला होता. तो चढलेला रक्तदाब पाहून "आकडे छान आहेत" असे वाटते. प्रत्यक्षात अंगात रक्त कमी असते आणि त्या प्रतिक्रियेने ते झाकलेले असते. ड्युरा उघडताच दाब सुटतो, प्रतिक्रिया थांबते आणि १६० चा रक्तदाब मिनिटभरात ७० वर येऊ शकतो. म्हणून उघडण्याआधी रक्ताच्या पिशव्या खोलीत आलेल्या असाव्यात, रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रिनॅलिन जोडून तयार असावे, आणि शल्यचिकित्सकांनी "आता उघडतो" असे मोठ्याने सांगावे. हे न सांगता उघडण्याची सवय काहींना असते. ती मोडलीच पाहिजे.

तरीही मेंदू फुगत राहिला तर औषधाआधी कारण शोधतात. नळी मुडपली आहे का, एका फुप्फुसात सरकली आहे का, कार्बन डायऑक्साइड चढला आहे का, छातीत हवा भरली आहे का, मान वळली आहे का, पोट फुगून छातीवर दाब येतो आहे का, भूल उथळ झाली आहे का : हे सगळे तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्याबरोबर प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोन वाढवून मेंदूचे काम मंदावतात, म्हणजे त्याची रक्ताची मागणी घटते. मेंदूच्या पोकळीत नळी घालता आली तर काही मिलिलिटर सीएसएफ काढल्यानेही दाब लक्षणीय उतरतो.

यातून काही साधले नाही तर दुसऱ्या बाजूचा संशय घ्यावा. एका बाजूची गाठ काढल्याने तिचा दाब सुटतो आणि आतापर्यंत त्या दाबाने थोपलेला विरुद्ध बाजूचा रक्तस्राव मोकळा होतो, विशेषतः त्या बाजूला कवटी फुटलेली असेल तर. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये तिथे काहीच दिसलेले नसते. अल्ट्रासाउंडची सोय असेल तर टेबलावरच पाहतात; नसेल तर घाईने कातडी शिवून रुग्णाला थेट सीटी स्कॅनला नेतात. बाहुली मोठी होत असेल आणि तेवढाही वेळ नसेल, तर दुसऱ्या बाजूला भोक पाडून पाहतात. चिरडलेल्या मेंदूचा काही भाग काढून जागा करणे हा अगदी शेवटचा मार्ग आहे.

हाडाचा तुकडा परत का बसवत नाहीत?

गाठ काढल्यावर मेंदू खाली बसलेला असेल आणि हाड ठेवल्याने तो दबत नसेल, तर हाड परत बसवणेच बरे. ड्युराखालच्या ताज्या गाठीसाठी हाड बसवणे आणि न बसवणे यांची तुलना करणाऱ्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला; वर्षभरानंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. पण मेंदू हाडाच्या पातळीच्या वर आलेला असेल तर निवड उरत नाही. तेव्हा उघडलेली जागाही ऐसपैस, किमान १२ बाय १५ सेंटिमीटर असावी लागते, आणि ड्युरा ताणून न शिवता तिला ठिगळ लावून सैल बंद करतात.

हाड काढल्याने रुग्ण बरा होतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर सरळ नाही. इतर उपायांनी दाब न उतरलेल्या ४०८ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी हाड काढलेल्यांमध्ये २६.९ टक्के आणि केवळ औषधांवर ठेवलेल्यांमध्ये ४८.९ टक्के मृत्यू झाले होते. मात्र जाणीव नसलेल्या अवस्थेत राहिलेले अनुक्रमे ८.५ आणि २.१ टक्के होते. वाचलेल्यांपैकी काही परावलंबी राहतात, हे नातेवाइकांना सही घेण्याआधी सांगायला हवे, घाई कितीही असली तरी.

रुग्णाचे शरीर थंड केले तर सूज कमी होत नाही का?

दाब उतरतो, पण रुग्णाचे भले होत नाही; २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर थंड केलेल्या रुग्णांचीच स्थिती अधिक वाईट निघाली. ताप मात्र अजिबात चढू देत नाहीत.

शस्त्रक्रिया नीट झाली म्हणतात, मग रुग्णाला जागे का करत नाहीत?

पाण्याची सूज अजून शिखरावर पोचायची असते म्हणून. अतिदक्षता विभागात भूल चालू ठेवून श्वास यंत्रावर ठेवतात, कवटीत दाब मोजणारी तार बसवली असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर बाहुल्या आणि पुन्हा काढलेल्या सीटी स्कॅनप्रमाणे उपचार करतात. बोलिव्हिया आणि इक्वेडोर येथील ३२४ रुग्णांच्या चाचणीत, २०१२ मध्ये, या दोन्ही पद्धतींचे निष्पन्न सारखेच आले. सुरुवातीचे झटके टाळण्यासाठीचे औषध साधारण सात दिवस देतात.

काढलेले हाड कुठे ठेवतात, आणि तोवर काय जपायचे?

पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवतात किंवा उणे ७० अंशांच्या आसपासच्या फ्रीझरमध्ये जपतात. सूज पूर्ण उतरल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ते परत बसवतात. ते खराब झाले असेल तर टायटॅनियमचा किंवा अन्य पदार्थाचा तुकडा घडवून घेतात. तोवर त्या बाजूवर झोपवू नये, आणि रुग्ण उठून चालू लागला की डोक्यावर संरक्षक टोपी असावी. हाड नसलेली जागा बसल्यावर आत खोल जाते आणि आडवे झाल्यावर भरून येते, हे पाहून घरचे घाबरतात. त्यात भिण्यासारखे काही नसते. बसलेल्या स्थितीतही ती जागा फुगीर आणि कडक लागत असेल, आणि रुग्ण आदल्या दिवसापेक्षा सुस्त असेल किंवा उलट्या करत असेल, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.